गोवर्धन, गंगापूर आणि गोदावरीचा जलाशय

नाशिकहून गंगापूर रोडने पश्चिमेस निघालेल्या प्रवाशास प्रथम आनंदवल्ली, मग गंगापूर व गोवर्धन ही परस्परांलगतची गावे आणि पुढे गोदावरीवरील धरणाचा मातीचा बांध लागतो. ह्या परिसराचे वर्णन जलाशयापासून आरंभ करण्याची आता प्रथाच पडली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे. धरण १९६५ साली पूर्ण झाले. गोवर्धनाचे नाव पांडवलेण्यांच्या शिलालेखांत सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीच कोरले गेले.

लेखांतील गोवर्धन म्हणजे आजचे हेच गाव, हे सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. त्या काळी ते एका ‘आहारा’चे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे, मुख्य ठिकाण होते. गौतमीपुत्र सातकर्णीची १८व्या राज्यवर्षातील आज्ञा गोवर्धन येथील विष्णुपालित नामक अमात्यास उद्देशून आहे. त्याहून बोलका लेख नहपानाचा जामात उषवदात ह्याचा होय. भिक्षूंच्या चीवरादी गरजांसाठी त्याने गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे ठेवली; पैकी २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने व १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते, व्याज तेवढे खर्चावयाचे होते. अशी कायम ठेव ज्यांच्या हाती निश्चिंतपणे सोपवावी, अशा दोन श्रेणी पोसणारी वस्ती सामान्य खेडे असणे संभवत नाही. नाशिकचे नाव ह्याच लेण्यांत आढळते, परंतु ते नाशिककरांच्या एका दानलेखात. शासनकेंद्राचा मान गोवर्धनाचा होता.

स्थानाचे कारण भूगोलात शोधावे लागते. त्र्यंबकच्या डोंगराळ, अतिवृष्टीच्या प्रदेशातून उतरलेली गोदावरी येथे सपाटीस येते; सोमेश्वराजवळ काळ्या खडकावरून उडी घेऊन ती नाशिककडे वळते. पूर्वेस जावे तसा पाऊस झपाट्याने घटतो. पाणी हाताशी, शेतजमीन समोर, अशी ही जागा. मानवाने ती फार पूर्वी हेरली होती: गंगापूरनजीक गंगावाडी येथील नदीच्या थरांत सापडलेल्या पुराश्मयुगीन हत्यारांवर ह. धी. सांकळिया ह्यांचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला.

मध्ययुगाविषयी येथे विस्तार करीत नाही. पेशवाईत मात्र गंगापूरचे नाव पुढे आले. नानासाहेब पेशव्यांची विधवा व माधवरावांची माता गोपिकाबाई पुण्याच्या राजकारणातून बाजूस होऊन गंगापुरी राहिली. तिचा मृत्यू १७८८ साली झाला. आनंदवल्ली हे तिचा दीर रघुनाथराव ह्याचे वास्तव्यस्थान. ज्या दोघांचे पुण्यात कधी पटले नाही, त्यांची निवासस्थाने एकाच नदीकाठी, थोड्या कोसांच्या अंतरावर असावीत, ही गोष्ट गमतीची खरी.

धरण मुख्यत्वे सिंचनासाठी बांधले गेले. पुढे नाशिक वाढले, १९८२ साली तेथे महानगरपालिका आली आणि पाण्यावर शहराचा हक्क वाढत गेला. गाळामुळे मूळची सात अब्ज घनफुटांहून अधिक असलेली साठवण आता सुमारे ५ अब्ज ६३ कोटी घनफुटांवर आली आहे. ज्या गावाच्या नावे एके काळी सबंध आहार ओळखला जाई, ते आता शेजारच्या शहराची तहान भागविणाऱ्या जलाशयाच्या पायथ्याशी आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे आवार गोवर्धन शिवारातच आहे. पत्ता विचारला असता मात्र ‘गंगापूर धरणाजवळ’ असेच उत्तर मिळते.