ट्रंकेत राहिलेली लढाई

हिंगोलीला एके काळी लष्कराची छावणी होती, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज असे. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, या गावांसारखंच हिंगोली हेही तिचं एक ठाणं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, ते याच फौजेच्या खर्चापायी. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली आणि हिंगोलीची छावणी उठली. तिच्या पायदळ पलटणींची १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिला कुमाऊं रेजिमेंट हे नाव मिळालं. म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचं नाव मिरवणाऱ्या त्या रेजिमेंटची मुळं आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत आहेत.

या फौजेतून निघालेले लोक फार दूरवर लढले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी मशीनगनच्या तोंडावर घोडे घातले. खुद्द निजामाचे लान्सर्स सुएझ कालव्यावर आणि पॅलेस्टाइनमध्ये होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात १९२२ साली जे तीन पुतळे उभे राहिले, त्यांतला एक हैदराबादचा.

पुतळा आहे, पण त्याला चेहरा कुणाचा? इतिहासाच्या पुस्तकात पलटणी भेटतात, सेनापती भेटतात. त्या पलटणीत चालणारा माणूस, ज्याच्या पायाला फोड आले, ज्याला घरच्या ज्वारीची आठवण आली, तो कुठे भेटतो? भेटलाच तर तो त्याच्या घरच्या ट्रंकेत भेटतो. एखाद्या पत्रात, एखाद्या वहीत. आज मला बोलायचं आहे ते या वह्यांबद्दल, आणि त्या जपणाऱ्या घरांबद्दल.

पहिल्या महायुद्धातली कूत-अल-अमाराची गोष्ट घेऊ. इराकमध्ये तैग्रीस नदीच्या काठावरचं हे गाव. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने तुर्कांनी त्याला वेढा दिला. आतल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. साताऱ्याची, कोकणची, घाटावरची पोरं. धान्य संपलं, घोडे कापून खायची पाळी आली, आणि अखेर सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यानंतर वाळवंटातून पायपीट. हजारो जण परत आलेच नाहीत.

१९२९ साली बसऱ्याला या आघाडीवरच्या मृतांचं मोठं स्मारक झालं. त्याच्या शिलांवर गोऱ्या शिपायांची नावं आली, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही आली. साध्या हिंदुस्थानी शिपायांची मात्र पलटणवार संख्या कोरली गेली. अमुक पलटण, आणखी इतके. ज्याने घोड्याचं मांस खायचं की जात सांभाळायची याचा विचार करत उपाशी रात्री काढल्या, तो त्या दगडावर एक आकडा झाला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात अशा भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, पण दिली.

याच कूतमध्ये शिशिर सर्वाधिकारी नावाचा एक सुशिक्षित बंगाली तरुण होता. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमध्ये तो जखमींची शुश्रूषा करायचा आणि रोजनिशी लिहायचा. कैद झाल्यावर वही हाती लागू नये म्हणून त्याने पानं फाडली आणि बुटात लपवली. पुढे संधी मिळाली तेव्हा ती पुन्हा उतरवून काढली. त्या पानांचं पुस्तक व्हायला चाळीसएक वर्षं जावी लागली, आणि झालं ते सुनेच्या हातभाराने. ‘अभी ले बगदाद’ हे त्याचं नाव. विचार करा, सासऱ्याच्या तरुणपणी ही सून जन्मलेलीही नव्हती. त्याच्या बुटातले ते कागद पुढच्या पिढीतल्या एका स्त्रीने वाचनालयाच्या फळीपर्यंत आणले.

त्याच आघाडीवर कल्याणकुमार मुखर्जी हे लष्करी डॉक्टर होते. आईला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी युद्धावर आणि दुसऱ्याच्या भूमीवर पाय रोवणाऱ्या देशाभिमानावर परखडपणे लिहिलं. १९१७ साली ते कैदेतच वारले. त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी म्हातारपणी ती पत्रं हाती घेतली, आणि १९२८ मध्ये नातवाचं चरित्र प्रसिद्ध केलं. इथे मागची पिढी पुढच्या पिढीची राखणदार झाली.

तिसरं घर राजस्थानातलं. जयपूरजवळच्या कानोताचे अमरसिंह लष्करात अधिकारी होते. १८९८ पासून १९४२ पर्यंत, सलग चव्वेचाळीस वर्षं, त्यांनी रोजनिशी लिहिली. तिचे एकोणनव्वद खंड झाले. चीन, फ्रान्स, मेसोपोटेमिया, सगळं त्यात आहे. निपुत्रिक माणसाची ही वहीखात्यांची रास पुतण्याने आणि घराण्याने सांभाळली, म्हणून पुढे अभ्यासकांच्या हाती लागली.

आपल्या मराठीत कॅप्टन गो. गं. लिमये यांचं ‘सैन्यातील आठवणी’ हे पुस्तक जुन्या वाचकांना आठवत असेल. विनोदी कथाकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते लष्करात डॉक्टर होते. लक्षात घ्या, सर्वाधिकारी, मुखर्जी, अमरसिंह, लिमये हे सगळे शिकलेले. मराठा पलटणीतल्या बहुतेक शिपायांना अक्षरओळख नव्हती. ते पत्र सांगत, दुसरा कुणीतरी लिही. गावात ते पत्र तलाठी किंवा मास्तर वाचून दाखवी.

आणि इथे इतिहासाने मोठी थट्टा केली आहे. फ्रान्समधून हिंदुस्थानी शिपायांची पत्रं निघत, ती आधी सेन्सॉरच्या टेबलावर जात. उर्दू, गुरुमुखी, हिंदी अशा भाषांतल्या पत्रांचे इंग्रजी उतारे काढून ते अहवालांना जोडत. फौजेच्या मनात काय चाललंय, यावर पहारा ठेवण्यासाठी हा खटाटोप. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतल्या निवडक पत्रांचं पुस्तकही केलं. मूळ पत्रं मात्र घरी आली आणि बहुतेक चुलीत, वाळवीत, पुरात गेली. ज्याने प्रेमाने ठेवायचं त्याच्याकडून हरवलं आणि ज्याने संशयाने नकललं त्याच्याकडे उरलं.

आपल्या मराठवाड्यात तर आणखी एक अडचण आहे. कागद उरला तरी तो वाचायचा कुणी? निजामाच्या राज्यात दरबारी आणि शाळेची भाषा उर्दू. हिशेब, खतं मोडीत. तारखा फसली सालाच्या. मराठवाड्यातला घरचा जुना कागद म्हणजे तीन कुलपांची पेटी. १९४८ नंतर शाळांतून उर्दू मागे पडली, मोडी त्याआधीच मागे पडत चालली होती. दोन पिढ्यांत नातू आजोबांच्या अक्षराला परका झाला.

माझ्या घरात उर्दू आणि शाळेत मराठी, म्हणून दोन्ही लिप्या माझ्या हाताखालच्या. त्यामुळे औंढ्याला लोक कधी कधी जुने कागद घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी वसमतकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा लाल फडक्यात बांधलेली एक वही घेऊन आला. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली. अक्षर उर्दू. घरच्यांना वाटलं, मुसलमानांची काहीतरी पवित्र पोथी दिसते, आजोबांना कुणा फकिराने दिली असेल. म्हणून त्यांनी ती देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलं. कव्हरवर त्याचे डाग होते. ती पोथी वाटली म्हणून वाचली, नाहीतर कधीच रद्दीत गेली असती.

आत होती दुसऱ्या महायुद्धातल्या एका शिपायाची रोजनिशी. मुक्काम इराक, साल १३५१ फसली, म्हणजे १९४१-४२. आजोबा निजामाच्या शाळेत चार बुकं शिकले होते, त्यांना लिहायला येई ते उर्दूच. नातवाने पहिला प्रश्न विचारला, “लढाईचं काही लिहिलंय का?” लढाईचं फारसं नव्हतं. मनीऑर्डर किती रुपयांची केली, पाण्याला काय चव होती, कोकणातला एक सोबती तापाने गेला, बैल विकला की नाही याची चौकशी. आणि एका पानावर लिहिलं होतं, की घरचं कार्ड आलं, दहा खुर्दादला मुलगी झाली, बराकीत खजूर वाटले.

ती मुलगी म्हणजे त्या तरुणाची आत्या. त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होती. पुढच्या आठवड्यात तो तिला घेऊन आला. तिच्या कागदपत्रांवर जन्मतारीख एक जानेवारी, आपल्याकडच्या कित्येक म्हाताऱ्या माणसांसारखी, कुणीतरी अंदाजाने टाकलेली. खुर्दाद म्हणजे साधारण एप्रिल, तेव्हा तिचा जन्म १९४२च्या एप्रिलच्या मधला, हे मी हिशेब करून सांगितलं. तिला त्याचं फार वाटलं नाही. तिला लहानपणापासून एवढंच सांगितलं होतं, की पोरगी झाली म्हणून बापाने पलटणीतून उलट कार्डसुद्धा टाकलं नाही. तिने मला ते खजुराचं वाक्य तीनदा वाचायला लावलं. मग फडकं नीट बांधून वही पदराखाली घेतली.

कुठल्या सरकारी दप्तरात हे सापडलं असतं? दप्तरात त्या शिपायाचा नंबर असेल, पगार असेल, रजा असेल. मुलीसाठी खजूर वाटणारा बाप फक्त त्या वहीत होता, आणि वाचणारा मिळेपर्यंत तो तिथेही मुका होता.

युरोपात २०११ पासून ‘युरोपियाना’ नावाच्या उपक्रमात लोकांना आवाहन करण्यात आलं, की घरातली पहिल्या महायुद्धाची पत्रं, वह्या, फोटो घेऊन या. लोक पिशव्या भरून आले. जागच्या जागी छायाप्रती काढल्या गेल्या आणि मूळ वस्तू परत त्यांच्या घरी गेली. असं काही आपल्याकडे तालुक्याच्या वाचनालयात, शाळेत करता येणार नाही का? पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी मोडीचे कागद जपले, कारण गावोगाव फिरून दप्तरं मागणारी माणसं त्यांच्यापाशी होती. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवा. १८५७ची धामधूम डोळ्यांनी पाहिलेल्या या वरसईच्या भिक्षुकाचं लिखाण त्याच्या हयातीत भीतीपोटी छापलं नाही. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते बाहेर काढलं, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिला. कुणीतरी ठेवलं आणि कुणीतरी वाचलं, दोन्ही घडलं म्हणून ते आपलं झालं.

आपल्या शेजारच्या नरसीचे नामदेव महाराज पंजाबात गेले. त्यांची एकसष्ट पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, गुरुमुखी लिपीत. परक्या लिपीत राहिली म्हणून ती परकी झाली नाहीत, कारण ती रोज वाचली जातात. लिपी परकी करत नाही, न वाचणं परकं करतं.

तेव्हा मित्रहो, घरातली जुनी ट्रंक उघडा. कागदाला चिकटपट्टी लावू नका, त्याचं लॅमिनेशन करू नका. सुती फडक्यात ठेवा, ओल आणि वाळवी जपा. मोबाइलवर पानापानाचा फोटो घ्या. ही वही कुणाची, घरात कशी आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि लिहून ठेवा. अक्षर उर्दू असेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या मास्तरांकडे जा, मोडी असेल तर जाणकार शोधा. त्या निमित्ताने दोन घरांचं जाणंयेणंही सुरू होईल.

बसऱ्याच्या दगडावर जे आकडे झाले, त्यांची नावं दगड सांगणार नाही. ती आपल्याच घरात कुठेतरी, फडक्यात बांधलेली असतील.