टिळकांच्या घरचे टिळक

पिशोरला सायंकाळी टाळ-मृदंगाचा नाद कानी आला, की आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण होते. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगवाणीत ख्रिस्ताला आळवणारा हा कवी. ते प्रॉटेस्टंट मंडळीतले. तरी आपणही त्यांना आपलेच मानतो. मात्र आपल्या मनात वसतो तो केवळ भक्त टिळक. त्यांच्या घरच्यांनी पाहिलेला माणूस याहून पुष्कळ वेगळा होता.

कोकणातील करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेले टिळक एका जागी कधी स्वस्थ राहिले नाहीत. कोणास न सांगता घरातून निघून जावे, हाती आलेला पैसा टिकू देऊ नये, क्षणात संतापावे व क्षणात विरघळावे, असा त्यांचा स्वभाव. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला ही वार्ता मागाहून कळली. लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या आधाराने राहिल्या. पतिपत्नींची ही ताटातूट काही वर्षे चालली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचे बंड एवढ्यावर थांबले नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेबी होणे, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ती पत्करली व 'देवाचा दरबार' उभारण्याचा ध्यास घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. मिशनऱ्यांना ती रुचणे कठीणच होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

अशा पित्याचे चरित्र मुलाने कसे लिहावे? दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी लिहून मागितल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, टिळकांकडूनच अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाई लिहू लागल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' आकारास आले. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या टिळकांना रागही येतो आणि चुकाही होतात. बालकवी ठोमऱ्यांसारख्या परक्या मुलाला पोटच्या पोराप्रमाणे जवळ करणारे टिळकही तेच. लक्ष्मीबाई पतीला हसतात आणि स्वतःला तर त्याहून अधिक हसतात. पण वाचकाच्या मनातले टिळक त्यामुळे तसूभरही लहान होत नाहीत.

आम्हांला यात देवदत्तांचा मोठेपणा दिसतो. लहानपणी जे त्यांनी सोसले, ते झाकण्याची त्यांना सोय होती. रेव्हरंडांचे गोंडस चरित्र लिहून ते मोकळे झाले असते, तर मंडळीने त्याचे स्वागतच केले असते. त्याऐवजी जिने सर्वांत अधिक सोसले, तिच्याच हाती त्यांनी लेखणी दिली.

गेल्या तीसेक वर्षांत आम्ही कितीतरी अंत्यविधी केले. प्रार्थनेनंतर मुले दोन शब्द बोलतात. गेलेला बाप प्रत्येक वेळी शांत, प्रेमळ व निर्व्यसनी असतो. बाकावर बसलेली त्याची विधवा मान खाली घालून ऐकते. अशा वेळी आम्हांस वाटते, की त्या माउलीला कोणीतरी विचारायला हवे होते. बायबलने दाविदाचे पाप लपविले नाही व पेत्राचा नकारही लपविला नाही. तरी दोघांवरचे आपले प्रेम उणावले नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांविषयीही सत्य सांगता येते. फक्त ते सांगणाऱ्याच्या मनात लक्ष्मीबाईंची क्षमा आणि देवदत्तांचे धैर्य असावे लागते.