संकलकाचे दप्तर : रॉबर्ट वाइझ आणि एका चित्रपटाचा लुप्त पाठ

पाठभेद, प्रक्षेप व लुप्त पाठ ह्या कल्पना भाषेच्या अभ्यासकास नित्य परिचयाच्या असतात. त्या एका अमेरिकन चित्रपटास लावून पाहिल्या असता, त्याच्या संकलकावर दीर्घकाळ होत आलेल्या आरोपाचे स्वरूप पुष्कळ बदलते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

रॉबर्ट वाइझ (1914–2005) हा मूळचा इंडियाना राज्यातला. मंदीमुळे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट टाकून तो 1933 मध्ये हॉलिवूडच्या आर.के.ओ. कंपनीत आला. भाऊ तेथे आधीपासूनच नोकरीस होता. आरंभी त्याचे काम फिल्मची रिळे पोहोचविण्याचे. पुढे ध्वनिसंकलन, मग चित्रसंकलन. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' (1941) ह्या बोलपटाचे संकलन त्याचेच होय. त्यातील न्याहारीच्या प्रसंगांच्या मालिकेत एक संसार काही क्षणांतच वर्षानुवर्षे विटत गेलेला दिसतो. तेवढा एक तुकडा पाहिला तरी ह्या माणसाच्या हातातील कसब ध्यानी येते.

वादाचे कारण मात्र वेल्सचा पुढचा चित्रपट, 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' (1942). बूथ टार्किंग्टनच्या 1918 च्या कादंबरीवरील ह्या चित्रपटाचे चित्रण संपताच वेल्स दुसऱ्या कामासाठी ब्राझीलला गेला. वाइझने तेथे जाऊन उभयतांनी संकलन पुरे करावयाचे होते. परंतु युद्धकालीन प्रवासनिर्बंधांमुळे ते साधले नाही व सारा व्यवहार तारांवर येऊन ठेपला. मुळात सुमारे 131 मिनिटांचा हा चित्रपट जुलै 1942 मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा 88 मिनिटांचा उरला होता. काढलेला भाग कंपनीने पुढे नष्ट केला. धनी परदेशी असता त्याच्या कृतीवर कात्री चालविणारा कंपनीचा चाकर, अशी वाइझची प्रतिमा तेव्हापासून रूढ झाली.

कागदपत्रे काय सांगतात? वेल्सचे दप्तर इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात आहे, वाइझचे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात. (टार्किंग्टनही इंडियानाचाच, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.) सर्वांत मोलाचा कागद म्हणजे 12 मार्च 1942 ह्या तारखेचे, प्रत्येक दृश्य व प्रत्येक संवाद क्रमाने नोंदणारे टिपण. रॉबर्ट कॅरिंजर ह्या अभ्यासकाने 1993 मध्ये ह्याच आधारावर मूळ चित्रपटाची ग्रंथरूप पुनर्रचना प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखित जळून जावे आणि त्याची तपशीलवार अनुक्रमणी तेवढी हाती यावी, तसा हा प्रकार.

ह्या कागदांवरून दिसते की, 17 मार्च रोजी पोमोना येथील प्रेक्षकांसमोर जी प्रत दाखविली गेली ती पूर्ण प्रत नव्हतीच. चित्रपटाच्या मध्यातील एक दीर्घ भाग काढण्याची सूचना खुद्द वेल्सनेच धाडली होती. पोमोनाचे प्रेक्षक हसले, कंटाळले. दोन दिवसांनी पॅसाडिना येथे तो भाग परत जोडून चित्रपट दाखविला, तेव्हा प्रतिसाद पुष्कळ बरा मिळाला. तथापि कंपनीचे चालक पहिल्याच खेळाने हादरले होते. म्हणजे पहिली मोठी काट कर्त्याची. तिच्या परिणामांचे खापर मात्र संकलकाच्या माथी. माझ्या मते रूढ आख्यायिकेतील सर्वांत कच्चा दुवा हाच.

तरीही वाइझ निर्दोष ठरत नाही. उरलेल्या काटेत त्याचा हात होताच, शिवाय काही प्रसंग इतरांनी नव्याने चित्रित केले. शेवटचा रुग्णालयातील प्रसंग फ्रेडी फ्लेक ह्या साहाय्यकाचा. आई व मुलगा ह्यांच्यातील एक प्रसंग स्वतः वाइझचा. पाठचिकित्सेच्या भाषेत हे उघड प्रक्षेप होत. संगीतकार बर्नार्ड हरमनने, आपल्या रचनेची मोडतोड पाहून, श्रेयनामावलीतून आपले नाव काढावयास लावले. ह्यातच सर्व आले. वाइझच्या दिग्दर्शनाचा प्रारंभ असा दुसऱ्याच्या कृतीतील प्रक्षेपात आहे, ह्याकडे त्याच्या चरित्राची मांडणी करताना सहसा कोणी लक्ष देत नाही. 1944 मध्ये 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' हे त्याच्याकडे आलेले पहिले काम, तेही आधीचा दिग्दर्शक वेळापत्रकात मागे पडला म्हणून. पुढे 'द सेट-अप' (1949) मध्ये त्याने कथेचा काळ व पडद्यावरील काळ, दोन्ही 72 मिनिटांत एकत्र बांधले. हा संकलकाचाच विचार होय. 'वेस्ट साइड स्टोरी' (1961) व 'द साउंड ऑफ म्यूझिक' (1965) ह्यांची कीर्ती सर्वविदित आहे.

'अँबरसन्स'ची एक प्रत वेल्सकडे ब्राझीलला गेली होती. शोध होऊनही ती आजवर हाती आलेली नाही. मूळ शेवटी युजीन हा फॅनीला एका भाड्याच्या खोल्यांच्या घरात भेटावयास जातो व तेथे ग्रामोफोनवर विनोदी संवादांची तबकडी वाजत असते. टिपणात ते संवाद आहेत, ती तबकडीही आहे. फॅनीने कोणते वाक्य किती थांबून उच्चारले, ते मात्र त्यात नाही.