चांदीचं जुनं नाणं काळं पडलंय? घासण्याआधी हे वाचा

बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव 'रजतनगरी' म्हणून ओळखलं जातं. शुद्ध चांदीसाठी बाहेरगावचे लोकही इथे येतात. धनत्रयोदशीला घेतलेले शिक्के, चांदीच्या विटा, आजीने जपलेले 'राणी छाप' रुपये असं बरंच काही घरोघरी कपाटात असतं. पण चुकीच्या पद्धतीने ठेवलेल्या किंवा घासलेल्या नाण्याला फक्त चांदीचा भाव मिळतो, संग्रहाचं मोल जातं.

दोन किमतींमधला फरक काय?

ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती, १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली. मोड घेताना सराफ वजन आणि शुद्धता बघतो. संग्राहक मात्र साल, टांकसाळीची खूण, दुर्मिळता आणि पृष्ठभागही पाहतो.

नाणं काळं का पडतं?

हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. दमट हवेत हे लवकर होतं. चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासलं की या थरासोबत थोडी चांदीही जाते आणि बारीक ओरखडे राहतात. ते पुन्हा भरून निघत नाहीत. नैसर्गिक काळपटपणा संग्राहकांना सहसा खटकत नाही, घासलेली चमक खटकते.

कसं ठेवावं?

- नाणं कडेने धरा. बोटांचा घाम डाग पाडतो.
- प्रत्येक नाणं वेगळं ठेवा. एकमेकांवर घासू देऊ नका.
- पीव्हीसीचे मऊ पाऊच टाळा. त्यांमुळे कालांतराने हिरवट, चिकट थर येतो. पॉलिएस्टरचे पाऊच किंवा कडक प्लास्टिकच्या डब्या वापरा.
- रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकरी कापड यांत गंधक असू शकतं, ते दूर ठेवा.
- हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, ती वेळोवेळी बदला.
- विटेचं सीलबंद पाकीट फोडू नका. पावती जपा.

लॉकर पुरेसा आहे का?

आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याने केलेल्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच असते. त्यामुळे प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजनाची नोंद घरी ठेवावी.

लक्ष्मीपूजनाला पंचामृत आणि हळदकुंकवासाठी नवा शिक्का वापरावा. जुना रुपया डबीतच राहू द्यावा.