सेप्सिसमधल्या गुठळ्या आणि रक्तस्राव: पन्नास वर्षांच्या शोधाने काय शिकवले?

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला सेप्सिस झाला की नातेवाइकांना कधी कधी दोन उलट गोष्टी ऐकाव्या लागतात: ‘रक्तात गुठळ्या होत आहेत’ आणि ‘रक्तस्रावाचा धोका आहे’. दोन्ही खरे असते. गंभीर जंतुसंसर्गात शरीरभर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागतात. त्यात प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारी प्रथिने खर्च होतात. मग हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येऊ लागते. या अवस्थेला डीआयसी म्हणतात. केमोथेरपीने प्लेटलेट्स आधीच कमी झालेल्या असतील, तर उपचार आणखी अवघड होतात.

पहिला धडा: थांबू नका

1966 मध्ये अमेरिकेतील जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांत दाखवून दिले, की पांढऱ्या पेशी जितक्या कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त. पण कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत वाट पाहिली, तर अनेक रुग्ण तेवढ्यात दगावत. 1971 मध्ये स्टीफन शिम्फ यांच्या गटाने ताप येताच, रिपोर्टआधीच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन देण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज औषधे बदलली आहेत, पद्धत तीच आहे.

दुसरा धडा: जादूचे औषध सापडले नाही

गुठळ्याच रोखल्या तर? या विचाराने आधी हेपॅरिन वापरले गेले. 2001 मध्ये ‘ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी’ने सेप्सिसमधील मृत्यू 30.8 टक्क्यांवरून 24.7 टक्क्यांवर आल्याचे एका मोठ्या अभ्यासात दिसले आणि औषधाला मान्यता मिळाली. मात्र प्लेटलेट्स 30,000 पेक्षा कमी असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे केमोथेरपीचे अनेक रुग्ण बाहेरच राहिले. पुढच्या मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही आणि 2011 मध्ये कंपनीने औषध बाजारातून काढून घेतले.

जपानमध्ये रक्ताचा कर्करोग किंवा संसर्ग यांमुळे डीआयसी झालेल्या रुग्णांवर थ्रॉम्बोमोड्युलिनचा अभ्यास झाला. हेपॅरिनपेक्षा अधिक रुग्णांत डीआयसी आटोक्यात आली. 2008 मध्ये तिथे ते मंजूर झाले. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सेप्सिसमधील मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाहीत.

तुमच्यासाठी याचा अर्थ

आजही डीआयसीचा मुख्य उपचार म्हणजे मूळ संसर्गावर तातडीने मारा करणे. सोबत रक्तस्राव होत असेल, तर प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा देतात. रक्त पातळ करणारे औषध द्यायचे की नाही, हे प्रत्येक रुग्णाचे रिपोर्ट पाहून ठरते. ते स्वतःहून घेऊ नका.

केमोथेरपी सुरू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, थंडी वाजली, अंगावर लालजांभळे ठिपके उठले किंवा रक्त थांबेना, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा आणि दारातच सांगा: ‘केमो चालू आहे.’