चिठ्ठीवरची आठवण

कणकवलीच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. महामार्गावर डोक्याला जबर मार लागलेला माणूस आमच्याकडून गोव्यालाच न्यायचा, बांदा-पत्रादेवी ओलांडून बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात. जीव वाचून तो घरी आला, की पुढच्या चिठ्ठ्या निरनिराळ्या दवाखान्यांतून माझ्या हातात येतात. हरवलेली आठवण आणि बुद्धी परत आणण्यासाठी काय काय देऊन पाहिलं गेलं, ते मी त्या चिठ्ठ्यांवर बदलताना पाहिलं आहे.

चिठ्ठ्यांच्या आधीपासून परसातली कारिवणा होतीच, म्हणजे चरकाची मंडूकपर्णी. चरकसंहितेतल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनांत तिचा रस पहिला. मग दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. आजही कुणाची तरी आजी तो रस काढतेच.

मग चिठ्ठ्यांवर गोळ्या आल्या. पिरासिटाम हे औषध 1964 सालचं, बेल्जियममधलं. सिटिकोलिन आमच्या फळीवर त्याच्या शेजारी येऊन बसलं. दोन्ही महिनोन्‌महिने घ्यायची, आणि भातशेतीवरच्या घराला न परवडणारी. "काका, ह्या गोळयेन बाबांका सगळा आठवतला मां?" हा प्रश्न मी किती पोरांच्या तोंडून ऐकला! 2012 साली अमेरिकेतल्या 1,213 जखमींवरच्या चाचणीचा निकाल आला. 90 दिवस सिटिकोलिन दिलेले आणि औषध नसलेली गोळी दिलेले, यांच्यात फरक दिसला नाही. तरीही ते नाव चिठ्ठ्यांवरून गेलं नाही. मला याचं दुःख होतं. त्या पैशांत फिजिओथेरपीच्या कितीतरी फेऱ्या झाल्या असत्या.

अमँटाडिनची गोष्ट मात्र वेगळी. मुळात ते फ्लूचं औषध. बोस्टनमधल्या कंपवाताच्या एका बाईंनी ते फ्लूसाठी घेतलं, तर त्यांचा कंप आणि ताठरपणा कमी झाला, डॉ. श्वाब यांनी 1969 मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढे 2012 मध्येच, जबर दुखापतीनंतर भान पुरतं न आलेल्या 184 रुग्णांना चार आठवडे अमँटाडिन किंवा खोटं औषध देऊन पाहिलं. अमँटाडिनवाले भराभर सुधारले. औषध थांबल्यावर वेग मंदावला आणि आणखी दोन आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास एका पायरीवर आले.

ही गोळी आमच्याकडे क्वचितच लागते, कोल्हापूरहून मागवावी लागते. ती देताना मी घरच्यांना सांगतो, किती आठवडे द्यायची आणि कशी थांबवायची ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, आणि फिटची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका.