आजीचा नॉर्मल मेंदू

परवा तळेघरच्या घरातली ट्रंक आवरताना आजीचा ईईजी सापडला. मेंदूचा आलेख. कागद पिवळा पडलाय, रेघा मात्र अजून स्वच्छ. खाली शेरा: ‘नॉर्मल’.

आजीला फिट यायच्या. भात लावताना, हिरडा गोळा करताना, कधीही. कुणी नाकाला कांदा लावी, कुणी म्हणे अंगात येतं. शेवटी काका तिला एसटीने मंचर आणि तिथून पुण्याला घेऊन गेले. डोक्याला वीसेक मिनिटं तारा लावल्या आणि नेमका तेवढा वेळ मेंदू शहाण्यासारखा वागला. मग घरातलेच म्हणू लागले, म्हातारी सोंग करते. गोळ्या बंद झाल्या. (मीही हसायचो. लहान होतो, पण हसायचो.)

तो कागद हातात आला आणि मी वाचत सुटलो.

माणसाचा पहिला ईईजी हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली काढला, पण जगापुढे आणला १९२९ मध्ये. दिसतंय ते मेंदूतलं की यंत्रातलं, हीच त्याची शंका. मधल्या काळात तो आपल्याच मुलाच्या, क्लाऊसच्या डोक्याला पुन्हापुन्हा तारा लावत होता. डोळे मिटले की मोठ्या लाटा, उघडले की बारीक. म्हणजे सुरुवातच झाली ती एका माणसाच्या बदलत्या मेंदूपासून!

पुढे एमआरआय आला आणि सरासरीचे दिवस आले. १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस नुसता पडून असला तरी मेंदूचे लांबलांबचे भाग एका तालात चढतात-उतरतात. ही झाली मेंदूतली जाळी. पण अभ्यास बहुतेक अनेकांची बेरीज करूनच व्हायचा. एकाच माणसाकडे पुन्हा नीट पाहिलं ते रसेल पोल्ड्रॅक या अमेरिकन शास्त्रज्ञाने, तेही स्वतःकडे. २०१२ पासून दीड वर्ष तो स्वतःचा मेंदू मोजत राहिला. मंगळवारी उपाशीपोटी, कॉफीशिवाय, गुरुवारी खाऊनपिऊन. माणूस तोच, पण दोन वारी जाळ्यांची जुळणी वेगळी निघाली.

आणि हो, फेफऱ्याच्या साधारण निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मलच येतो. म्हणून आता गरज पडली तर झोपेतला, तासन्‌तासांचा आलेख काढतात.

रात्री काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते.

मग म्हणाले, “त्या दिवशी उपाशीच होती रे ती. पहाटेची गाडी पकडली होती.”